ऑनलाइन बॅकअप निवडायचाय? आधी फाइल परत मागून बघा

ऑनलाइन बॅकअपची चौकशी करणारा जो तो आधी एकच विचारतो : किती जीबी आणि कितीला? मी उलटीकडून सुरुवात करते. उद्या सकाळी दुकान उघडलं आणि कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर नव्या मशीनवर तुमचं काम किती वेळात आणि कुठल्या अवस्थेत उभं राहील? या टोकाकडून बघितलं की जाहिरातीतले निम्मे आकडे बिनकामाचे ठरतात आणि बारीक अक्षरात छापलेल्या अटी ठळक दिसायला लागतात.

मी सांगलीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करते. गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचे फोटोवाले, पत्रिका आणि अहवाल करणारे डीटीपीवाले, कर सल्लागार, काही दवाखाने आणि स्वतःचं लिखाण स्वतःच टाइप करणारे निवृत्त मास्तर. बॅकअप गावाबाहेर पाहिजे, हे इथं कुणाला पटवत बसावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा पेठेत शिरलं. सीपीयू टेबलाखाली आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, अशी बहुतेक दुकानांची मांडणी. दोन्ही एकाच पाण्यात. तुमच्या गावाला पूर येत नसेल, पण चोरी आणि शॉर्टसर्किट सगळीकडेच आहे.

आधी स्वतःचा माल मोजा

सेवा बघण्याआधी अर्धा तास स्वतःच्या मशीनला द्या. डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जो आकडा येईल तो कागदावर. मग मोठ्या फोल्डरांचं तसंच. आता त्याचे तीन ढीग पाडा. रोज बदलणारं : टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, चालू कामाच्या कोरल-पेजमेकरच्या (छपाईची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली. संपलेलं पण लागणारं : जुने अल्बम, मागच्या वर्षांची रिटर्न्स. आणि पुन्हा कुठूनही मिळणारं : विंडोज, सॉफ्टवेअरचे सेटअप, सिनेमे. तिसऱ्या ढिगासाठी पैसे मोजू नका. फोटोवाल्यांकडे तर एकाच लग्नाचे रॉ फोटो तीन ठिकाणी असतात. कार्डातून काढलेले एका फोल्डरात, निवडलेले दुसऱ्यात, आणि ‘फायनल नवीन 2’ असल्या नावाखाली पुन्हा तेच. हे आधी निस्तरलं की चार टीबीचे अडीच होतात, आणि सेवा निवडायचं गणितच बदलतं.

आता राहून जाणाऱ्या गोष्टी. डीटीपीवाल्यांनो, फॉन्ट! पेजमेकर 7 हे 2001 सालचं सॉफ्टवेअर, तरी आपल्याकडे पत्रिका आणि वार्षिक अहवाल अजून त्यात लागतात, तेही युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर मराठी अक्षर सारखं दिसावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. ती फाइल दुसऱ्या मशीनवर फॉन्टशिवाय उघडा. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, उलटे-सुलटे कंस असलं काहीतरी दिसेल. फाइल शाबूत आहे, मजकूरही आत आहे, पण वाचायची सोय गेली. हे फॉन्ट असतात सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डराच्या पोटात, आणि अख्खा विंडोज फोल्डर काही बॅकअप सेवा मुळातच सोडून देतात. 2018 नंतरच्या विंडोज 10 मध्ये एकट्या युजरपुरता टाकलेला फॉन्ट तर लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात जातो. म्हणून डी ड्राइव्हवर ‘फॉन्ट’ नावाचा फोल्डर करा. वापरातले सगळे फॉन्ट, टायपिंग सॉफ्टवेअरचा सेटअप, लायसन्सचा नंबर आणि डोंगलचा (सॉफ्टवेअर चालायला मशीनला खोचायच्या किल्लीचा) फोटो त्यात ठेवा. एवढा फोल्डर वाचला तर बाकीच्या हजारो फाइली वाचल्याचा उपयोग.

टॅलीचं वेगळं. टॅली प्राइम आपला डेटा सहसा सी ड्राइव्हवर युजर्समधल्या पब्लिक फोल्डरात ठेवतं. पण तुमच्या माणसाने तो डी वर किंवा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर नेलेला असू शकतो, तेव्हा टॅलीतच कंपनी उघडताना दिसणारा पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, बघा. दुसरं म्हणजे, टॅली चालू असताना त्याच्या फाइली अर्धवट अवस्थेत उचलल्या जाण्याची भीती असते. संध्याकाळी काम संपलं की टॅलीचा स्वतःचा बॅकअप डी वरच्या एका फोल्डरात घ्यायचा आणि ऑनलाइन सेवेने तो फोल्डर उचलायचा, ही सगळ्यात खात्रीची पद्धत.

‘ड्राइव्हला टाकलंय सगळं, ताई’

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही मंडळी सिंक करतात. म्हणजे इकडे जे होईल ते तिकडे. फाइल इकडून उडवली की तिकडूनही उडते. गुगल ड्राइव्हच्या कचऱ्यात ती 30 दिवस राहते आणि मग आपोआप जाते. घरगुती वनड्राइव्हचंही तसंच, 30 दिवस. मार्चअखेरीला उडालेला फोल्डर जूनमध्ये नोटीस आल्यावर शोधायला गेलात, तर तिथे काही नसतं.

दुसरा धोका रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा. ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ नावाचं कुटुंब गेली काही वर्षं मुख्यतः क्रॅक केलेल्या (लायसन्स मोडून फुकट चालवलेल्या) सॉफ्टवेअरबरोबर पसरलं, आणि आपल्याकडे कोरल असो की फोटोशॉप, क्रॅकशिवाय चालवणारा डीटीपीवाला दाखवा म्हटलं तर शोधावं लागेल. ते सगळ्या फाइली कुलूपबंद करतं, आणि सिंक इमानेइतबारे त्या कुलूपबंद फाइलीच वर चढवतं. अशा वेळी जुनी आवृत्ती मागे ठेवलेली असणं हाच बचाव. गुगल ड्राइव्ह एका फाइलच्या जुन्या आवृत्त्या 30 दिवस किंवा 100 आवृत्त्यांपर्यंत ठेवतो, घरगुती वनड्राइव्ह शेवटच्या 25. मायक्रोसॉफ्ट 365 चे पैसे भरणाऱ्यांना अख्खा वनड्राइव्ह मागच्या 30 दिवसांतल्या एखाद्या दिवसावर नेऊन ठेवता येतो. ही सोय चांगली आहे आणि फारशी कुणाला माहीत नाही.

वनड्राइव्हची आणखी एक गोम खास आपल्या सवयीला नडते. त्याचं ‘बॅकअप’ बटण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डर उचलतं. आपल्याकडे मात्र कॉम्प्युटर जोडून देणारा पहिल्याच दिवशी बजावून जातो, ‘सी वर काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जाईल.’ त्यामुळे सगळं डी आणि ई वर. पडद्यावर हिरवी खूण दिसते, मनुष्य निर्धास्त होतो, आणि डी ड्राइव्हवरची एक फाइलही वर गेलेली नसते. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये डी वरचा फोल्डर निवडून जोडता येतो, पण तो हाताने निवडावाच लागतो.

सिंक टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. दोन ठिकाणांहून एकच फाइल हाताळायची तर त्याच्यासारखी सोय नाही. मास्तरांसारख्यांना तेवढ्यावर भागतंही.

अपलोडचा वेग आणि दहाचा पाढा

एक हिशोब पाठ करून ठेवा. अपलोडचा, म्हणजे फाइली वर चढवायचा, वेग जितका एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप), त्याला दहाने गुणा. तेवढे जीबी दिवसभरात वर जातात. 20 एमबीपीएस असेल तर दिवसाला 200 जीबी. तेही कॉम्प्युटर चोवीस तास चालू आणि लाइट न गेल्यास. वेग तपासताना डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, खालचा अपलोडचा बघा. फायबरला दोन्ही सहसा सारखे असतात, केबलच्या जुन्या जोडणीला अपलोड फार कमी असतो.

आता फोटोवाल्याचे चार टीबी धरा. दिवसाला 200 जीबी म्हणजे वीस दिवस. शिवाय बऱ्याच घरगुती फायबर प्लॅनना महिन्याला 3300 जीबीची मर्यादा असते, आणि अपलोडही त्यातच मोजला जातो. मर्यादा संपली की वेग असा कोसळतो की गिऱ्हाइकाला साधा अल्बमही पाठवता येत नाही. म्हणून पहिला अपलोड दोन महिन्यांत विभागा, रात्री दहा ते सकाळी आठ अशी वेळ लावा आणि कॉम्प्युटरचा ‘स्लीप’ बंद ठेवा. पहिला हिस्सा कुठला? रोज बदलणारा ढीग. अल्बम नंतर.

आता एकेक सेवा

बॅकब्लेझ आणि आयड्राइव्ह ही घरगुती-दुकानी वापरासाठीची दोन मोठी नावं, आणि दोघांची वृत्ती एकदम वेगळी. बॅकब्लेझ जवळपास सगळं उचलतं, नको ते तुम्ही वगळायचं. आयड्राइव्हला तुम्ही दाखवाल तेवढं उचलणार. विसराळू माणसाला पहिलं बरं, काटेकोर माणसाला दुसरं.

बॅकब्लेझचा पर्सनल बॅकअप म्हणजे एक कॉम्प्युटर, जागा अमर्याद, 2023 पासून वर्षाला 99 डॉलर. (आजचा आकडा त्यांच्या पानावर बघून घ्या, बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा जादा आकार, धरून.) कॉम्प्युटरला जोडलेली बाहेरची हार्डडिस्कही त्यात येते. त्यामुळे एका मशीनवर चार-सहा टीबी असलेल्या फोटोवाल्याला हा व्यवहार फार सोयीचा. पण अटी वाचा. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स हे फोल्डर ते घेत नाहीत (फॉन्ट आठवा). नेटवर्कवरची डिस्क, म्हणजे स्टुडिओतला नॅस, घेत नाहीत. लिनक्सच्या मशीनवर चालत नाही. आयएसओ, ईएक्सई अशा काही प्रकारच्या फाइली मुळात वगळलेल्या असतात. सेटिंगमध्ये जाऊन ती यादी कमी करता येते. जुन्या आवृत्त्या एक वर्ष ठेवायची सोय त्याच पैशात आहे, मात्र तुमच्या खात्यात ती 30 दिवसांवर आहे की वर्षावर, हे पहिल्याच दिवशी तपासा. बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवून दिली आणि ती मुदत उलटली, तर सेवा समजते की तुम्ही ती डिस्क टाकून दिली, आणि वरची प्रतही पुसते. ‘अमर्याद’ याचा अर्थ ‘कायमचं’ असा घेऊ नका. कॉम्प्युटरवर आहे तोवर तिकडे आहे, एवढंच.

आयड्राइव्हमध्ये जागा ठरलेली, पण एकाच खात्यात कितीही कॉम्प्युटर आणि मोबाइल. तीन मशीनच्या ऑफिसला हे स्वस्त पडतं. एका फाइलच्या 30 पर्यंत आवृत्त्या राहतात, आणि कॉम्प्युटरवरून उडवलेली फाइल तुम्ही स्वतः ‘आर्काइव्ह क्लीनअप’ चालवेपर्यंत वर तशीच राहते. माझ्या कर सल्लागार गिऱ्हाइकांना मी हेच सुचवते, कारण त्यांना तीन वर्षांपूर्वीची फाइल कधी लागेल याचा नेम नसतो. तोटे दोन. सुरुवातीला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डरच निवडलेले असतात, डी ड्राइव्ह तुम्ही स्वतः यादीत घालायचा. आणि पहिल्या वर्षी सवलतीचा दर दाखवतात, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागतो. तुलना करताना दुसऱ्या वर्षाचा आकडाच धरा. ठरलेली जागा ओलांडली तर जादा आकारही लागतो. 10 जीबी फुकट मिळतात, ते चाचणीसाठी वापरा.

गुगल वनची भारतातली किंमत बराच काळ 100 जीबीला वर्षाला 1300 रुपये आणि 2 टीबीला 6500 अशी राहिली आहे. पैसे रुपयांत, पद्धत ओळखीची, यूपीआय चालतो. ज्याचं सगळं मिळून पन्नास जीबी आहे त्याने फार शोधाशोध करू नये. फक्त एवढं करा : महत्त्वाचा फोल्डर झिप करून (एका फाइलीत बांधून) त्यावर तारीख घालून महिन्याला एकदा वेगळ्या फोल्डरात टाका, म्हणजे सिंकच्या फेऱ्यात तो सापडत नाही. आणि त्या खात्यात अधूनमधून लॉगिन करत राहा. दोन वर्षं बिनवापर पडलेली खाती गुगल डिसेंबर 2023 पासून पुसतं.

थोडी खटपट करायची तयारी असेल तर तिसरा रस्ता आहे : जागा एकाकडून घ्यायची, बॅकअपचं सॉफ्टवेअर दुसऱ्याचं वापरायचं. बॅकब्लेझच्याच बी2 या सेवेचा दर 2023 मध्ये टीबीला महिन्याला 6 डॉलर झाला, पहिले 10 जीबी फुकट. म्हणजे शंभर जीबी टॅली आणि एक्सेल ठेवणाऱ्याला महिन्याला पन्नास रुपयांच्या आसपास. ठेवलेल्या मालाच्या तिपटीपर्यंत डाउनलोडही फुकट. त्यावर कोपिया, डुप्लिकाटी किंवा रेस्टिक यांतलं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर. मी कोपिया लावते, त्याला खिडकीवालं रूप आहे आणि फाइली तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन वर जातात. बी2 मध्ये ‘ऑब्जेक्ट लॉक’ लावला तर ठरवलेल्या मुदतीपर्यंत फाइल कुणालाच पुसता येत नाही, व्हायरसला नाही आणि रागावून नोकरी सोडलेल्या माणसालाही नाही. मात्र हे लावून देणारा माणूस हाताशी हवा. नुसता लेख वाचून उत्साहात लावलं आणि सहा महिन्यांनी पासवर्ड कुठे ठेवला ते आठवेना, अशी गत नको.

इथे एक सापळा दाखवून ठेवते. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हचा दर अमेरिकेतल्या केंद्रांत टीबीला महिन्याला साधारण एक डॉलर आहे, म्हणून कुणीतरी हमखास त्याचं नाव काढतं. पण टाकलेला माल किमान 180 दिवसांचे पैसे घेतो, परत मागितल्यावर हातात यायला बारा तासांपासून दोन दिवस लागतात, आणि बाहेर काढायचा दर जीबीला सुमारे 9 सेंट. एक टीबी परत आणायचा झाला तर नव्वद डॉलरच्या घरात. पुरात दुकान गेलेल्या माणसाने त्याच आठवड्यात हे बिल भरायचं! कायमच्या संग्रहासाठी ती सेवा ठीक आहे, रोजच्या धंद्यासाठी नको.

कर सल्लागारांसाठी एक कायद्याची गोष्ट. प्रायव्हेट लिमिटेड किंवा कुठलीही कंपनी असेल, तर ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. नुसती अमेरिकेतली जागा त्यासाठी पुरत नाही. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत 2016 पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात 2015 पासून, गुगलचंही मुंबईत आहे. अशा गिऱ्हाइकाची टॅली यांपैकी एखाद्या ठिकाणी, बाकीचं हवं तिथे. किराणा दुकानदाराला आणि भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही, त्यांनी उगाच घाबरू नये.

किल्ली

बहुतेक सेवा फाइली कुलूपबंद करूनच ठेवतात. किल्ली कुणाकडे, हा खरा प्रश्न. सेवेकडे असेल तर पासवर्ड विसरल्यावर ते नवा देऊ शकतात. ‘प्रायव्हेट की’ निवडली तर किल्ली फक्त तुमच्याकडे. ती हरवली तर कंपनीचा मालकही फाइल उघडून देऊ शकत नाही. गिऱ्हाइकांचे पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी प्रायव्हेट की घ्यावीच. लग्नाच्या फोटोंना माझ्या मते गरज नाही, विसरण्याचा धोका जास्त मोठा. एक खोच : बॅकब्लेझमध्ये प्रायव्हेट की घेतली तरी वेबवरून फाइल परत घेताना ती त्यांच्या साइटवर टाकावी लागते. आयड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये किंवा कोपियात ती तुमच्या मशीनवरच वापरली जाते. ज्याला ही बाब खुपते त्याने त्या हिशोबाने निवडावं. आणि आयड्राइव्हमध्ये हा निर्णय खातं उघडतानाच घ्यायचा असतो, नंतर बदलायचा म्हटलं तर सगळं पुसून पहिल्यापासून.

किल्ली कागदावर लिहा. मोबाइलमधल्या नोंदीत ठेवू नका, कारण मोबाइल आणि कॉम्प्युटर एकाच दिवशी जाऊ शकतात. दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं असेल तर त्याचे रिकव्हरी कोड छापून त्याच कागदाला टाचा. कागद दुकानात नको, घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. आणि तो कुठे आहे हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. कर्ते सल्लागार गेल्यावर मुलीने सगळी सेवांची बिलं शोधून काढली, पण एकही खातं उघडेना, असं मी पाहिलंय.

पैसे भरण्यातली अडचण

परदेशी सेवेचे पैसे आपल्या कार्डावरून सुरळीत कापले जातील असं धरून चालू नका. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप कापणीसाठी आधी मॅन्डेट (बँकेकडे नोंदवलेली परवानगी) लागतो, आणि जून 2022 पासून 15,000 रुपयांच्या वरच्या रकमेला दरवेळी ओटीपी. काही परदेशी कंपन्यांची यंत्रणा या मॅन्डेटशी जुळतच नाही. मग पैसे कापले जात नाहीत, सूचनेचे ई-मेल जाहिरातींच्या ढिगात जातात, आणि काही आठवड्यांनी खातं बंद. म्हणून महिन्याचा प्लॅन घेऊ नका, वर्षाचा घ्या, आणि संपायच्या पंधरा दिवस आधीचा रिमाइंडर मोबाइलवर लावा. दर ठरवताना डॉलरच्या आकड्यावर बँकेचा मार्कअप आणि 18 टक्के जीएसटी धरा.

पैसे भरण्याआधी परत मागून बघा

जवळपास सगळ्यांकडे फुकट जागा किंवा चाचणीचे दिवस असतात. त्यात दहा-पंधरा जीबीचा खरा माल चढवा. नमुन्याचे फोटो नकोत. त्यात या गोष्टी हव्यातच : मराठी नावाची एक फाइल, मराठी नावाच्या फोल्डरात मराठी नावाचा फोल्डर असा एक लांबलचक पाथ, टॅलीचा बॅकअप, फॉन्टसकट एक पेजमेकर फाइल, आणि तीन-चार जीबीचा एखादा व्हिडिओ. मग एका एक्सेल फाइलमध्ये आज एक बदल करा, उद्या दुसरा, आणि परवा ती उडवून टाका.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसा. हे महत्त्वाचं. त्याच मशीनवर चाचणी घेतली तर फाइल खरोखर वरून आली की जागेवरच होती ते कळत नाही. लॉगिन करा, फक्त कागदावरचा पासवर्ड बघून. उडवलेली एक्सेल परत मागा, तीही पहिल्या बदलाच्या दिवशीची. मिळाली? किती क्लिकांत? तारीख निवडायची सोय सरळ आहे की शोधावी लागली? नंतर पूर्ण फोल्डर मागा. झिप होऊन येत असेल तर ती तयार व्हायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा; काही सेवा शंभर जीबीची झिप बांधायला कित्येक तास घेतात आणि मग ई-मेल पाठवतात. झिप विंडोजने उघडल्यावर ‘कुलकर्णी विवाह’सारख्या मराठी नावांची अक्षरं बिघडली असतील तर तीच झिप सेव्हन-झिप या फुकटच्या सॉफ्टवेअरने उघडून बघा, बऱ्याचदा नावं जागेवर येतात. लांब पाथवाल्या फाइली गळल्या का ते मोजा, कारण 260 अक्षरांच्या वरचा पाथ विंडोजला अजूनही नडतो. टॅलीत रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर दिसतंय का पाहा. पेजमेकरची फाइल फॉन्ट टाकून उघडा.

या एका दुपारच्या कामात जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात छापलेलं नसतं. एका सेवेचा तर फाइल शोधायचा रकाना मराठी अक्षर घेतच नव्हता. माल वर सुखरूप होता, पण नावाने शोधायची सोय नाही, म्हणून शेकडो फोल्डर एकेक उघडत बसायचं. ते खातं आम्ही तिथेच बंद केलं.

मोठा माल परत आणायचं गणितही आत्ताच मांडा. दहाचा पाढा डाउनलोडलाही लागू. बॅकब्लेझ डिपॉझिट घेऊन हार्डडिस्कवर माल भरून पाठवतं आणि डिस्क मुदतीत परत केली की पैसे परत देतं, पण ती अमेरिकेतून येणार, वाटेत कस्टम्स लागणार. भिस्त त्यावर ठेवू नका. तुमच्याकडे जवळची दुसरी प्रत असलीच पाहिजे.

ती का, याचं आणखी एक कारण आहे. सेवा बंद पडतात. क्रॅशप्लॅनने 2017 मध्ये घरगुती गिऱ्हाइकांना नमस्कार केला, ॲमेझॉन ड्राइव्ह 31 डिसेंबर 2023 ला बंद झाला. 2015 मध्ये वनड्राइव्हने अमर्याद जागा मागे घेतली, 1 जून 2021 पासून गुगल फोटोजने फुकटची अमर्याद सोय थांबवली. पीटर क्रोग या फोटोग्राफरने लोकप्रिय केलेला 3-2-1 चा नियम त्यासाठीच आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. आमच्या भाषेत, एक कॉम्प्युटरवर, एक घरी नेलेल्या हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन. घरची हार्डडिस्क आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी झाली की काढा. कायम जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसला कॉम्प्युटरसारखीच दिसते.

मी काय लावते

फोटोवाल्याला बॅकब्लेझ पर्सनल आणि दोन हार्डडिस्का, एक घरी, एक स्टुडिओत. नॅस असेल तर बॅकब्लेझ पर्सनल नाही, मग बी2 नाहीतर आयड्राइव्ह. कर सल्लागाराला आयड्राइव्ह, प्रायव्हेट की सकट. कंपन्यांची टॅली भारतातल्या सर्व्हरवर वेगळी. डीटीपीवाल्याचा माल कमी असतो, त्याला फॉन्ट फोल्डर नीट केला की बी2 आणि कोपिया पुरतं, खर्च चहाच्या उधारीपेक्षा कमी. दवाखान्यात मी आधी सॉफ्टवेअर कुणाचं आहे आणि त्याचा डेटा मशीनवर आहे की त्यांच्या सर्व्हरवर ते विचारते, नंतर काय ते. मास्तरांना गुगल वनचे 100 जीबी आणि महिन्याची तारीख घातलेली झिप.

लावून झाल्यावर दर तिमाहीला एक फाइल परत मागायची. जीएसटीच्या तारखेला जोडून घ्या म्हणजे विसरत नाही. आणि एप्रिलमध्ये टॅलीत नवीन कंपनी उघडली किंवा डेटा दुसऱ्या फोल्डरात हलवला, तर तो नवा फोल्डर बॅकअपच्या यादीत आला का ते त्याच दिवशी बघा. आला नसेल तर सेवा मागच्या वर्षाच्या फोल्डरावर पहारा देत बसते आणि पडद्यावर हिरवी खूण तशीच दिसत राहते.